'ड' जीवनसत्त्व आणि श्वसनमार्गाचे विषाणुजन्य विकार : एका गृहीतकाचा इतिहास

प्रस्तावना :
रक्तातील 'ड' जीवनसत्त्वाचे प्रमाण कमी असल्यास सर्दी, इन्फ्लुएन्झा यांसारखे विकार सहज जडतात, हे मत अलीकडचे वाटत असले तरी त्याची मुळे एकोणिसाव्या शतकात आहेत. या मताची जडणघडण आणि त्याची झालेली कसोटी यांचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पूर्वपीठिका :
१८४९ मध्ये चार्ल्स विल्यम्स या इंग्रज वैद्याने चारशेहून अधिक क्षयरुग्णांना कॉड माशाच्या यकृताचे तेल देऊन आलेले अनुभव प्रसिद्ध केले. त्या वेळी जीवनसत्त्व ही संकल्पनाच नव्हती. क्षयाच्या जंतूचा शोधही रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये लावला. त्वचेच्या क्षयावरील प्रकाशचिकित्सेसाठी नील्स फिन्सेन यांना १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९१९ मध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांनी मुडदूस बरा होतो हे दाखविले. १९२२ मध्ये मॅकॉलम यांनी या तेलातील मुडदूसरोधक घटक 'अ' जीवनसत्त्वाहून वेगळा असल्याचे सिद्ध केले. अशा रीतीने तेल आणि सूर्यप्रकाश यांना जोडणारा दुवा सापडला. पुढे स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधे आली आणि क्षयोपचारातील तेलाचे व सूर्यस्नानाचे महत्त्व ओसरले.

गृहीतकाचे पुनरुज्जीवन :
इन्फ्लुएन्झाच्या साथी हिवाळ्यातच का येतात, या प्रश्नाचा दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्या एडगर होप-सिम्पसन यांनी १९८१ मध्ये सूर्याच्या स्थितीशी निगडित अशा 'ऋतुजन्य प्रेरके'ची कल्पना मांडली. हे प्रेरक म्हणजे 'ड' जीवनसत्त्वाची घट होय, असे प्रतिपादन जॉन कॅनेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये केले. त्याच वर्षी या जीवनसत्त्वामुळे पेशींत कॅथेलिसिडिन हे जंतुनाशक पेप्टाइड तयार होते, असे प्रयोगशाळेत दिसून आले. गृहीतकाला आता जैविक आधारही लाभला.

चाचण्यांची कसोटी :
जपानमधील शाळकरी मुलांवरील चाचणीत (२०१०) पूरक मात्रा घेणाऱ्यांपैकी १०.८ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी १८.६ टक्के मुलांना 'ए' प्रकारचा इन्फ्लुएन्झा झाला. याउलट न्यूझीलंडमधील ३२२ प्रौढांना दरमहा मोठी मात्रा देऊनही (२०१२) लाभ आढळला नाही. २०१७ मधील २५ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात अल्प संरक्षण दिसले. तीव्र कमतरता असलेल्या आणि दररोज किंवा दर आठवड्याला मात्रा घेणाऱ्या व्यक्तींत ते ठळक होते. कोविडच्या काळात नॉर्वेमध्ये चौतीस हजारांहून अधिक व्यक्तींवर पुन्हा कॉड माशाच्या तेलाचीच चाचणी झाली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत संसर्ग कमी झाल्याचे दिसले नाही. मात्र सहभागींपैकी बहुतेकांत मुळात कमतरता नसावी, असे तपासलेल्या नमुन्यांवरून दिसते. २०२५ मध्ये ४६ चाचण्यांतील ६४,०८६ व्यक्तींच्या माहितीचे विश्लेषण झाले, तेव्हा २०१७ चा अल्प लाभही संख्याशास्त्रीयदृष्ट्या सार्थ राहिला नाही.

निष्कर्ष :
कमी प्रमाण आणि आजार एकत्र आढळणे हा सहसंबंध होय. तो कार्यकारणभाव ठरत नाही. वार्धक्य, स्थूलता, घरातच राहावे लागणे यांमुळे दोन्ही गोष्टी एकाच वेळी संभवतात. आजारपणातही हे प्रमाण घटू शकते. हाडांच्या आरोग्यासाठी कमतरता दूर करणे आवश्यकच आहे. परंतु ज्यांच्यात कमतरता नाही त्यांना विषाणूंपासून संरक्षण म्हणून हे जीवनसत्त्व सुचविण्यास आजवरच्या चाचण्या आधार देत नाहीत. विल्यम्स यांच्या निरीक्षणांत तुलनेसाठी नियंत्रित गट नव्हता. ती उणीव भरून निघण्यास दीड शतकाहून अधिक काळ जावा लागला, हाच या इतिहासाचा खरा बोध होय.