अकराव्या वर्षीचे गुण

माणसाची बुद्धी जन्मानेच ठरते, या समजाची शिक्षा ज्यांच्या अनेक पिढ्यांनी भोगली, त्या आपण सर्वांनी स्कॉटलंडमधील एका परीक्षेचा इतिहास जाणून घ्यावा.

१ जून १९३२ रोजी स्कॉटलंडमध्ये १९२१ साली जन्मलेल्या जवळजवळ सर्व शाळकरी मुलांची बुद्धिमापन चाचणी झाली. मुले होती ८७,४९८. चाचणीमागे एडिंबरो येथील प्राध्यापक गॉडफ्री थॉमसन होते. नॉर्थंबरलंडच्या खेड्यांतील शाळांतून शिष्यवृत्तीसाठी मुले पुढे येत नसत. त्यांच्यातील हुशार मुले शोधावीत, या हेतूने त्यांनी पूर्वी अशा चाचण्या रचल्या होत्या.

परंतु तो काळ वंशशुद्धीच्या विचाराने भारलेला होता. मोठ्या कुटुंबांतील मुलांना सरासरीने कमी गुण मिळत. त्यावरून राष्ट्राची बुद्धी पिढीगणिक खालावेल, अशी भीती विद्वान व्यक्त करीत. ४ जून १९४७ रोजी १९३६ साली जन्मलेल्या ७०,८०५ मुलांनी तीच चाचणी दिली. सरासरी ३४.५ होती, ती ३६.७ झाली. भाकीत खोटे ठरले. निवडक मुलांची नव्हे, सर्वांची मोजणी झाली होती, म्हणूनच हे निर्विवादपणे दिसले.

या नोंदी पुढे अनेक दशके पडून राहिल्या. लॉरेन्स व्हॅली व इयान डिअरी या संशोधकांनी त्यांचे मोल ओळखले. १ जून १९९८ रोजी, बरोबर ६६ वर्षांनी, ॲबर्डीनच्या सभागृहात ७३ वृद्धांनी तीच चाचणी पुन्हा सोडविली. पुढे एडिंबरो परिसरात १९२१ व १९३६ साली जन्मलेल्यांचे दोन गट अभ्यासासाठी निवडण्यात आले. त्यांची ठरावीक वर्षांनी पुन:पुन्हा तपासणी झाली.

निष्कर्ष दुपेडी आहे. उतारवयात माणसामाणसांच्या बुद्धीत जो फरक दिसतो, त्याचा निम्म्याच्या आसपास भाग अकराव्या वर्षीच्या गुणांशी जुळतो. हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु उरलेला भाग पुढच्या आयुष्याचा आहे. शिक्षण, शारीरिक हालचाल, धूम्रपानापासून दूर राहणे यांचा त्याच्याशी थोडाथोडा संबंध आढळतो. शिवाय अकराव्या वर्षीचे गुण म्हणजे जन्मजात गुण नव्हेत. त्यांत घर, अन्न आणि शाळा आधीच मिसळलेली असतात.

इंग्लंडच्या काही भागांत आपली मुले आजही या वयात ग्रामर शाळांच्या परीक्षेला बसतात. निकालाच्या दिवशी घरात आनंद असो वा खिन्नता, तो आकडा आयुष्याचा निवाडा नव्हे, हे आपण मुलांना अवश्य सांगावे.