रिलायन्स इमारत, शिकागो

अमेरिकेतील शिकागो शहराच्या ‘लूप’ या मध्यवर्ती व्यापारी भागात, स्टेट व वॉशिंग्टन या रस्त्यांच्या चौकात असलेली सुमारे ६१ मीटर उंचीची पोलादी सांगाड्याची इमारत. १९९९ पासून तीत बुटीक हॉटेल, म्हणजे मर्यादित खोल्यांचे व वास्तूचे वेगळेपण जपणारे हॉटेल, चालू आहे.

जागेचे मालक विल्यम हेल यांनी या इमारतीचे काम बर्नहॅम आणि रूट या वास्तुशिल्पी संस्थेकडे सोपविले, तेव्हा या जागेवर चार मजली जुनी इमारत उभी होती आणि तिच्या वरच्या मजल्यांवरील भाडेकरूंचे करार १८९४ पर्यंतचे होते. म्हणून १८९० मध्ये ते मजले जॅकवर तोलून धरण्यात आले आणि त्यांच्याखाली नवा पाया व तळमजला बांधण्यात आला. बांधकामाच्या इतिहासातील हे मोठे धाडस होय. जॉन रूट जानेवारी १८९१ मध्ये निवर्तले, त्यामुळे वरच्या भागाचा आराखडा बर्नहॅम यांच्या संस्थेतील वास्तुशिल्पी चार्ल्स ॲटवुड यांनी केला. भार पोलादी सांगाड्याने पेलल्यामुळे भिंतींचे ओझे वाहण्याचे काम संपले व तेथे काच आली. मध्ये मोठे स्थिर तावदान आणि दोन्ही बाजूंना उघडणाऱ्या अरुंद झडपा, अशा रचनेला ‘शिकागो खिडकी’ म्हणतात. खिडक्यांमधील पट्टे झिलई दिलेल्या पांढऱ्या टेराकोटाचे, म्हणजे भाजलेल्या मातीचे आहेत. कोळशाच्या धुराने काळवंडणाऱ्या त्या शहरात पावसानेच ते धुऊन निघतील, अशी त्यामागची अपेक्षा होती.

वरच्या मजल्यांवर प्रामुख्याने डॉक्टर व दंतवैद्य यांचे दवाखाने होते. विसाव्या शतकात इमारतीची फार दुर्दशा झाली आणि १९७६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळूनही ती थांबली नाही; १९९० नंतरच्या दशकात शहर प्रशासनाने पुढाकार घेतला, तेव्हाच बाह्यांगाचा जीर्णोद्धार झाला. दवाखान्यांच्या लहान खोल्या हॉटेलला सोयीच्या ठरल्या, त्यामुळे आतील मांडणीची फारशी मोडतोड न होता १२२ खोल्या सिद्ध झाल्या. जुन्या वास्तूला तिच्या मापाचा उपयोग मिळाल्याचे इतके चांगले उदाहरण क्वचितच आढळते.

हॉटेलला प्रारंभी डॅनिएल बर्नहॅम यांचे नाव देण्यात आले, तर तेथील उपाहारगृहाला ॲटवुड यांचे. वस्तुतः इमारतीच्या दर्शनी रूपाचे श्रेय मुख्यतः ॲटवुड यांचेच आहे. ती पूर्ण झाली त्याच वर्षी, डिसेंबर १८९५ मध्ये, त्यांचे निधन झाले.