तूप बाजारात, ताक घरात



दूध ही नाशवंत चीज. उन्हाळ्यात सकाळी काढलेलं दूध तापवलं नाही तर दुपारी फाटतं. आपल्या वाडवडिलांजवळ बर्फ नव्हता, मोटार नव्हती. दूध टिकवण्यासाठी त्यांनी ज्या रीती बसवल्या, त्यातूनच दही, लोणी, तूप, खवा, चक्का हे पदार्थ आले.

रीत घरच्या बायकांना ठाऊकच आहे. कारण समजून घेऊ. कोमट दुधात विरजण घातलं की त्यातले जंतू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात. दूध घट्ट होतं आणि आंबटपणामुळे नासवणाऱ्या जंतूंना वाव राहत नाही. दही घुसळलं की स्निग्धांशाचं लोणी वर येतं. लोणी कढवलं की पाणी उडतं, म्हणून तूप महिनोन् महिने टिकतं. खव्यात पाणी आटवतात, चक्क्यात ते फडक्यातून निथळतं.

एक किलो तुपाला म्हशीचं सुमारे १५ लिटर दूध लागतं. तूप आठवड्याच्या बाजाराला जाई, त्यावर मीठमिरची येई. ताक मात्र घरी राही. पोराबाळांना, गड्याला, शेजारणीला मिळे. म्हणजे स्निग्धांश विकला तरी दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम बरेचसे घरातच राहत.

पुढे काळ बदलला. १९४५ च्या सुमारास मुंबई दूध योजनेसाठी गुजरातेतल्या आणंदहून रेल्वेने दूध येऊ लागलं. नफा मधल्या ठेकेदाराला आणि शेतकऱ्याला भाव कमी! तेव्हा १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी त्रिभुवनदास पटेल यांच्या पुढारपणाखाली आपला सहकारी संघ नोंदवला. पण हिवाळ्यात म्हशींचं दूध वाढे आणि मुंबई ते सगळं घेत नसे. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही, असं परदेशी तज्ज्ञ सांगत. एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली आणि १९५५ साली आणंदला भुकटीचा कारखाना सुरू झाला. आपल्याकडे कोल्हापूरचा जिल्हा दूध संघ १९६३ साली निघाला. १९७० ते १९९६ या काळात दूध महापूर योजनेने देशभर संघांचं जाळं विणलं.

यामुळे दुधाचं बिल ठरल्या दिवशी हाती पडू लागलं, ही मोठी गोष्ट झाली. पण बंधूंनो, तूप विकत होतो तेव्हा ताक उरत होतं. दूधच विकल्यावर काय उरणार? गावोगाव हिंडताना मी पाहतो, दहा लिटर दूध केंद्रावर घालणाऱ्या घरात पोरांच्या हातात कोरा चहा असतो.

म्हणून एवढंच करा. केंद्रावर जाण्याआधी एक लिटर दूध बाजूला काढा. ते चांगलं उकळून, कोमट झाल्यावर स्वच्छ भांड्यात विरजा. सकाळी घुसळा. लोणी साठवून तूप करा, ताक त्याच दिवशी प्या. बिलात थोडी तूट येईल, पण ती पोरांच्या अंगी लागेल.