किंगनंतरची रांग : पीबी जारुमची वाटचाल

१९८४ साली क्वालालंपूरमध्ये चीनला ३-२ असं हरवून इंडोनेशियानं बॅडमिंटनचा थॉमस चषक परत मिळवला. त्या संघात आठ खेळाडू होते आणि त्यांतले सात एकाच क्लबाचे होते. हा क्लब राजधानी जकार्तातला नव्हता. मध्य जावातल्या कुडुस नावाच्या गावात एका सिगारेट कारखान्यानं तो उभा केला होता. पीबी जारुम हे त्याचं नाव.

इंडोनेशियात बॅडमिंटन क्लबांच्या जिवावर चालतं. राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पूर्व जकार्तातल्या चिपायुंगला आहे, पण तिथून बोलावणं येईपर्यंतची सगळी वर्षं क्लबाच्या पदरात पडतात. पोर कोवळं असतं, खर्च रोजचा असतो आणि त्यातून काही निघेल याची हमी कुणी देत नाही. जया राया, तांकास अशी या क्षेत्रातली मोठी नावं आहेत. सुझी सुसांती जया रायाची, जोनातन ख्रिस्ती तांकासचा. जारुमची गोष्ट वेगळी सांगावी लागते, कारण मालकाच्या हौसेपासून संस्थेपर्यंतचा तिचा प्रवास अगदी स्वच्छ दिसतो. तो कशावर उभा राहिला आणि कुठं अडखळला, तेही दिसतं.

दिवसा सिगारेटी, संध्याकाळी खेळ

कुडुस हे क्रेतेकचं गाव. तंबाखूत लवंग मिसळून वळलेली सिगारेट म्हणजे क्रेतेक. ओढताना लवंग तडतडते आणि गोडसर वास मागे राहतो. आपल्या सोलापुरात घरटी विडी वळणाऱ्या बायका असायच्या, तशी कुडुसात क्रेतेक वळणाऱ्या बायकांची पिढ्यान्‌पिढ्यांची फौज आहे. ओई वी ग्वान यांनी १९५१ मध्ये इथला एक डबघाईला आलेला छोटा कारखाना विकत घेतला आणि ‘जारुम’ नावानं धंदा वाढवला. १९६३ मध्ये कारखान्याला आग लागली, पाठोपाठ ओई वारले. जळका कारखाना दोन तरुण मुलांच्या हाती आला : मायकेल बांबांग हार्टोनो आणि रॉबर्ट बुडी हार्टोनो. पुढे हे घराणं देशातल्या सर्वांत श्रीमंत घराण्यांत गणलं गेलं.

बुडी हार्टोनोंना बॅडमिंटनचं वेड होतं. १९६९ च्या सुमारास त्यांनी बितिंगान लामा रस्त्यावरच्या ‘ब्राक’मध्ये, म्हणजे सिगारेटी वळण्याच्या मोठ्या शेडमध्ये, कामगारांसाठी खेळ सुरू केला. दिवसभर तिथं तंबाखू आणि लवंग. संध्याकाळी पाळी सुटली की सामान बाजूला सारायचं, जाळी बांधायची आणि खेळायचं. सुरुवातीला हा कारखान्यातला विरंगुळाच होता. त्याचा क्लब व्हायला एक मुलगा कारणीभूत झाला.

किंग

लिम स्वी किंगचा जन्म कुडुसचाच, १९५६ चा. या शेडमध्ये खेळणाऱ्या पोरांपैकी तो एक. त्याचा खेळ पाहून मालकांनी मनावर घेतलं आणि १९७४ मध्ये पीबी जारुम रीतसर क्लब झाला. दोनच वर्षांनी, विशीत असलेला किंग ऑल इंग्लंड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रूडी हार्टोनोसमोर उभा होता. (रूडी आणि जारुमचे हार्टोनो यांचं नातं काही नाही, नाव तेवढं एक.) तो सामना रूडीनं जिंकला आणि आपलं आठवं विजेतेपद मिळवलं.

किंगचं वेगळेपण त्याच्या उडीत होतं. शटल डोक्यावर उंच चढलं की बाकीचे खेळाडू त्याच्याखाली सरकायचे आणि ते उतरायची वाट पाहायचे. किंग वाट पाहत नसे, तोच वर जायचा. दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले, शटल अजून वरच्या टप्प्यातच, आणि तिथून मारलेला स्मॅश समोरच्याच्या पायाशी. उंची वाढली की कोन तिरपा होतो आणि समोरच्याला मिळणारा वेळ कमी होतो, असा तो सरळ हिशेब होता. ‘किंग स्मॅश’ असंच त्याला म्हणू लागले. १९७८ आणि १९७९ मध्ये ऑल इंग्लंड किंगनं जिंकली.

१९८० चा अंतिम सामना भारतीयांना माहीत आहे. सलग तिसऱ्या विजेतेपदासाठी उतरलेल्या किंगला प्रकाश पदुकोण यांनी १५-३, १५-१० असं हरवलं. उडी मारून ठोकायला जे उंच शटल लागतं, तेच प्रकाश देत नव्हते. नेटजवळ नाजूक उतरणारी, वेग काढून घेतलेली शटलं सोडायची आणि किंगला खाली वाकायला लावायचं, हा त्यांचा डाव होता. पण त्याच्या पुढच्या वर्षाची आठवण आपल्याकडे फारशी निघत नाही. १९८१ मध्ये पुन्हा हेच दोघं अंतिम सामन्यात आले. पहिला गेम प्रकाशनी घेतला, पुढचे दोन किंगनं, आणि तिसरं ऑल इंग्लंड कुडुसला गेलं.

एकाच्या जागी सात

एक तारा निघाला म्हणून संस्था होत नाही. असा तारा मावळल्यावर बंद पडलेल्या व्यायामशाळा आणि तालमी आपल्याकडेही गावोगाव आहेत. जारुमची पहिली खरी परीक्षा १९८४ ची म्हणायला हवी. क्वालालंपूरच्या अंतिम लढतीत किंग आपला एकेरीचा सामना लुआन जिनकडून हरला. इकुक सुगिआर्तोही हरला. संघातला जारुमबाहेरचा एकटा खेळाडू तोच. एकेरीचा गुण आला तो हास्तोमो आर्बीकडून. फारशी कुणाची अपेक्षा नसताना त्यानं पहिला गेम गमावूनही हान जियानला हरवलं. उरलेले दोन गुण दुहेरीचे : एक ख्रिस्तियन हादीनाता आणि हादीबोवो यांचा, दुसरा कार्तोनो आणि स्वतः किंगचा. तिन्ही गुण जारुमच्या खेळाडूंनी मिळवले होते. किंग हरला तेव्हा मागे माणसं उभी होती.

एव्हाना ब्राक मागे पडली होती. १९८२ मध्ये कुडुसातच कालीपुतू इथं क्लबानं स्वतःचं सभागृह बांधलं होतं. पुढचं दशक याच घरात वाढलेल्या एकेरीच्या खेळाडूंनी गाजवलं. आर्डी विरानाता १९९१ मध्ये ऑल इंग्लंड जिंकला. १९९२ मध्ये बार्सिलोनाला बॅडमिंटन पहिल्यांदाच पदकाचा खेळ म्हणून ऑलिंपिकमध्ये आलं. पुरुष एकेरीच्या अंतिम सामन्यात अ‍ॅलन बुडीकुसुमा आणि आर्डी विरानाता समोरासमोर आले. दोघंही इंडोनेशियाचे आणि दोघंही जारुमचे. अ‍ॅलन जिंकला. त्याच दिवशी आधी सुझीनं महिला एकेरीचं सुवर्ण घेतलं होतं. इंडोनेशियाची ही पहिली दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं. अ‍ॅलन आणि सुझी यांनी पुढे लग्नही केलं.

मग हास्तोमोचा धाकटा भाऊ हरियांतो आर्बी आला. तोही कुडुसचाच. त्याच्या स्मॅशला लोकांनी ‘शंभर वॅट’ नाव दिलं होतं. १९९३ आणि १९९४ ची ऑल इंग्लंड, १९९४ चं आशियाई सुवर्ण आणि १९९५ चं जागतिक विजेतेपद त्यानं घेतलं. १९९४ चा ऑल इंग्लंडचा अंतिम सामना त्यानं आर्डीविरुद्ध जिंकला. किंगच्या उडीपासून सुरू झालेली एकेरीची ही ओळ इथं शिखरावर पोचली.

जाती आणि सुपर तिकीट

२००६ मध्ये कुडुसच्या जाती भागात क्लबाचं नवं केंद्र उघडलं. एका छताखाली सोळा कोर्टं, बरीचशी लाकडी जमिनीची, बाजूला मुलांची वसतिगृहं. त्याच वर्षापासून खुली निवड चाचणी सुरू झाली. जावाबाहेरच्या बेटांवरूनही आईबाप पोरांना घेऊन येऊ लागले.

चाचणीची रीत कडक आहे. आधी काही मिनिटांचा खेळ, त्यात हालचाल, हात आणि नजर बघतात. इथं बहुतेक जण गळतात. उरलेल्यांचे बाद पद्धतीनं सामने होतात. त्यातून निवडलेल्याला ‘सुपर तिकीट’ मिळतं, पण तेही कुडुसच्या शेवटच्या फेरीपर्यंतच. तिथं मुलं वसतिगृहात राहतात, रोज सराव करतात आणि प्रशिक्षक त्यांच्यावर लक्ष ठेवतात. निवड झाली तर राहणं, जेवण, सराव आणि शाळा क्लबाकडे. परीक्षकांत किंग आणि हादीनाता यांच्यासारखी माणसं बसलेली असतात. आपल्याला नापास करणारा माणूस कोण आहे, हे नापास होणाऱ्या पोरालाही कळतं.

बान्युवांगीचा केव्हिन संजया सुकामुल्यो २००६ मध्ये आला तेव्हा त्याला परत पाठवलं. तो २००७ मध्ये पुन्हा आला आणि निवडला गेला. पुढे मार्कुस गिदिओनच्या साथीनं तो दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर पोचला आणि २०१७ व २०१८ ची ऑल इंग्लंड त्यांनी जिंकली. पहिल्या वर्षी परीक्षकांचा अंदाज चुकला असेल किंवा पोरगं वर्षभरात सुधारलं असेल. दार दर वर्षी उघडतं म्हणून दोन्ही शक्यतांची सोय झाली. संस्था हौसेपेक्षा वेगळी ठरते ती इथं.

एकेरी आटली

पण जातीच्या काळात पीक बदललं. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जारुमच्या मारिया क्रिस्तिन युलियांतीनं महिला एकेरीचं कांस्य मिळवलं. उपांत्यपूर्व फेरीत अठरा वर्षांच्या सायना नेहवालनं पहिला गेम २८-२६ असा घेतला होता आणि तिसऱ्यात ती ११-३ पुढे होती. तिथून मारियानं सामना खेचून आणला. मग कांस्यपदकासाठी तिनं चीनच्या लू लानला हरवलं. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे तिची कारकीर्द फार लांबली नाही.

त्यानंतर क्लबाची मोठी यशं दुहेरीतली आहेत. तोंतोवी अहमदनं लिलियाना नात्सिरबरोबर २०१२ ते २०१४ अशी सलग तीन ऑल इंग्लंड जिंकली. २०१६ मध्ये रिओला मिश्र दुहेरीचं सुवर्ण त्यांनी १७ ऑगस्टला, म्हणजे इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यदिनी घेतलं. २०२२ मध्ये बँकॉकला थॉमस चषकाच्या अंतिम लढतीत इंडोनेशियाला वाचवायला उतरलेली जोडीही जारुमचीच होती : मोहम्मद अहसान आणि केव्हिन. मुंबईकर चिराग शेट्टी आणि सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी यांनी त्यांना १८-२१, २३-२१, २१-१९ असं हरवलं. पुढे किदंबी श्रीकांतनं ३-० पुरं केलं आणि चषक पहिल्यांदा भारताकडे आला.

पुरुष एकेरीत हरियांतोनंतर ऑल इंग्लंड जिंकणारा इंडोनेशियन मिळायला तब्बल तीस वर्षं लागली. २०२४ मध्ये जोनातन ख्रिस्तीनं अंतिम सामन्यात आपलाच सहकारी अँथनी गिंटिंगला हरवलं. दोघांपैकी एकही जारुमचा नाही. दुहेरीचा खेळाडू घडवणं पद्धतीत बसतं : जोड्या बदलून पाहता येतात, एकाची उणीव दुसरा झाकतो, प्रशिक्षकाला हात फिरवायला जागा असते. एकेरीत एकटं पोर लागतं आणि ते शिस्तीनं आणि कोर्टांच्या संख्येनं मिळतंच असं नाही. ब्राकमध्ये सोयी नव्हत्या, तरी किंग निघाला. जातीत सोयी आहेत आणि वाट पाहणं चालू आहे.

नावाचा प्रश्न

पैसा सिगारेटीचा, हा प्रश्न कधी ना कधी यायचाच होता. आपल्याकडे १९९६ चा क्रिकेट विश्वचषक ‘विल्स’च्या नावानं झाला आणि २००३ च्या कायद्यानं तो रस्ता बंद केला. इंडोनेशियात २०१९ मध्ये बालहक्क आयोगानं आक्षेप घेतला की चाचणीला आलेली मुलं ‘जारुम’ लिहिलेले शर्ट घालतात, म्हणजे सिगारेटीची चालती जाहिरात होतात. त्यावर ७ सप्टेंबरला क्लबानं पुढच्या वर्षापासून चाचणी बंद करण्याचं जाहीर केलं. देशभर गदारोळ झाला आणि बहुतेकांनी क्लबाची बाजू घेतली. १२ सप्टेंबरला क्रीडामंत्र्यांच्या पुढाकारानं तोडगा निघाला : चाचणी चालू राहील, पण मुलांच्या अंगावर आणि चाचणीच्या नावात जारुम नसेल.

क्लबाचे चाहते म्हणतात की हा पैसा नसता तर अ‍ॅलन आणि केव्हिन कुठून आले असते. ते खरं आहे. आयोगाचा मुद्दाही तितकाच खरा आहे. अकरा वर्षांच्या पोरानं सिगारेटीचं नाव छातीवर मिरवायचं काही कारण नाही. वादातून क्लबाबद्दलची एक गोष्ट मात्र सिद्ध झाली. कोऱ्या शर्टातल्या चाचणीतही परीक्षक तेच होते, कोर्टं तीच होती आणि पोरांना हवं असलेलं तिकीटही तेच होतं. पन्नास वर्षांत जे उभं राहिलं, त्याला पाटीची गरज उरलेली नाही. गरज उरली असेल तर ती पाटी लावणाऱ्याला.