कढईंतील तेलाचें उत्तरायुष्य

सायंकाळच्या वेळीं घाटकोपर, मुलुंड, अंधेरी किंवा बोरिवली यांपैकीं कोणत्याहि स्थानकाबाहेर पडावें. गाडीची घरघर कानांतून जाते न जाते तोंच कढईंत पडणाऱ्या वड्यांचा चुरचुराट ऐकूं येतो. उपनगरांतील श्रमजीवी माणसाची भूक या कढईवर भागते, आणि तिच्याविषयीं आमच्या मनांत तुच्छता मुळींच नाहीं. परंतु दुकानाच्या फळ्या लागल्यावर त्या कढईंतील तेलाचें काय होतें, हा प्रश्न आमच्या वाचकांपैकीं थोड्यांनींच स्वतःस विचारला असेल. आम्हींहि तो पुष्कळ वर्षें विचारला नव्हता. एकदां एका फरसाणवाल्यास सहज विचारलें, तेव्हां ‘टाकायचें कशाला? घेणारे येतात ना!’ असें त्यानें अगदीं शांतपणें सांगितलें. एका दुकानांत काळें झालेलें तेल डब्यांतून दुसऱ्या, अधिक गरीब गाडीवाल्याकडे जातें, आणि ज्याच्या खिशांत पैसे सर्वांत कमी, त्याच्या वाट्यास सर्वांत जुनें तेल येतें.

या तेलाला दुसरी गति आहे काय? आहे, त्यापासून डिझेलच्या इंजिनास चालेल असें इंधन करतां येतें. ही गोष्ट नवी वाटली तरी तिचीं मुळें जुनीं आहेत, आणि त्यांपैकीं एक मूळ मुंबईंतच, शिवडीस, सांपडतें.

१९३२ सालीं शिवडीच्या कारखान्यांत वनस्पति तूप तयार होऊं लागलें. १९३७ सालीं तें ‘डालडा’ या नांवानें घरोघर पोंचलें. पातळ तेलाचें घट्ट तूप करण्याची ही किमया निकेल धातूच्या बारीक भुकटीची. फ्रान्समधील साबात्ये यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निकेलचा हा गुण ओळखला, १९०२ सालीं जर्मनींतील नॉर्मान यानें पातळ तेलावर त्याचा प्रयोग करून पेटंट मिळविलें, आणि १९१२ सालीं साबात्ये यास नोबेल पारितोषिकाचा मान लाभला. तेलांत ही भुकटी घालून हायड्रोजन वायु सोडावा. क्रिया पुरी झाली कीं भुकटी गाळून घ्यावी व पुन्हां वापरावी. लग्न जुळवून देऊन स्वतः बाजूस राहणाऱ्या मध्यस्थासारखा हा पदार्थ असतो. रसायनशास्त्रांत त्यास उत्प्रेरक म्हणतात. तो घन असला, तर काम संपल्यावर त्यास सहज वेगळें करतां येतें, ही त्याची मोठीच सोय होय.

दुसरें मूळ इंजिनाचें आहे. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत एक लहानसें डिझेल इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यांत आलें होतें. परंतु कच्चें तेल दाट असतें व इंजिनांत काजळी धरतें. तें पातळ करण्याचा मार्ग १९३७ सालीं बेल्जियममधील शाव्हान यानें दाखविला. तेलाच्या प्रत्येक कणांत स्निग्धाम्लाचे तीन धागे ग्लिसरीनच्या एका खुंटीस बांधलेले असतात. मद्यार्काच्या जातीचा एखादा पदार्थ, आज बहुधा मेथॅनॉल, त्यांत मिसळून उत्प्रेरकाची जोड दिली, तर धागे खुंटीवरून सुटतात व मेथॅनॉलशीं जोडले जातात. ग्लिसरीन तळाशीं बसतें. वर राहतें तें बायोडिझेल.

या कामीं सर्वांत स्वस्त उत्प्रेरक म्हणजे कॉस्टिक सोडा. ताज्या तेलावर तो ६० अंश उष्णतेच्या आसपास झपाट्यानें काम करतो. परंतु कढईंतील तेल ताजें नसतें. वड्यांतील पाणी, हवा व वारंवारची आंच यांनीं तें फुटत जातें, आणि मोकळीं झालेलीं स्निग्धाम्लें त्यांत सांचतात. त्यांची सोड्याशीं गांठ पडली कीं साबण होतो! साबणाच्या कारखान्यांत जी क्रिया हवीशी, तीच येथें शत्रु ठरते. साबणामुळें ग्लिसरीन नीट वेगळें होत नाहीं. तेल पुन्हां पुन्हां धुवावें लागतें. सोडाहि परत हातीं येत नाहीं. आधीं गंधकाच्या अम्लानें हीं स्निग्धाम्लें संपवावीं व मग सोडा घालावा, असा तोडगा आहे. पण त्यानें काम दुप्पट होतें व भांडीं खराब होतात.

म्हणून शास्त्रज्ञांची दृष्टि पुन्हां घन उत्प्रेरकाकडे वळली. प्रथम आठवण झाली ती चुन्याची. शिंपले किंवा अंड्यांचीं टरफलें भाजूनहि तो मिळतो, तेव्हां त्याहून स्वस्त कांहीं नाहीं. परंतु हवेंतील ओलावा व कार्बन डायऑक्साइड यांनीं तो मंद पडतो, आणि स्निग्धाम्लें भेटलीं कीं त्याचाहि साबण होतो. खराब तेलास अम्लाच्या जातीचा घन उत्प्रेरक हवा. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठानें स्थापिलेल्या व पुढें माटुंग्यास नांवारूपास आलेल्या रसायन-तंत्रशास्त्र विभागांत प्रा. गणपति यादव यांनीं झिर्कोनियापासून अशा तीव्र घन अम्लांची एक मालिकाच तयार केली, आणि विभागाच्याच इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचें नांव ठेविलें.

तेलाच्या प्रश्नास नेमका हात घातला तो पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनें. तेथील श्रीनिवास, रत्नसामी व त्यांचे सहकारी यांनीं २००६ सालीं लोह व जस्त यांच्या दुहेरी सायनाइडचा उत्प्रेरक प्रसिद्ध केला. चित्रकारांस परिचित असलेला प्रशियन निळा रंग ज्या कुळांतला, त्याच कुळांतला हा पदार्थ. त्याच्या पृष्ठभागास पाणी आवडत नाहीं. म्हणून तेलांतील ओलावा त्यास गुदमरवीत नाहीं. स्निग्धाम्लें व तेल या दोहोंवर तो एकाच भांड्यांत, एकाच वेळीं काम करतो. मात्र त्यास सुमारें १७० अंश उष्णता लागते; म्हणजे दाब सोसणारें मजबूत भांडें आलेंच. पुढें एका अमेरिकन कंपनीनें या पद्धतीचा परवाना घेतला. पुण्याचा शोध परदेशीं गिऱ्हाईक शोधूं लागला, आणि घाटकोपरची कढई होती तेथेंच राहिली.

तिच्याकडे सरकारचें लक्ष गेलें तें २०१८ सालीं. तेलांतील बिघाडाचें मोजमाप जीं ध्रुवीय संयुगें, त्यांचें प्रमाण शेंकडा २५ च्या वर गेल्यास तें तेल वापरूं नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून अमलांत आला. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें वापरलेलें तेल गोळा करून इंधनाकडे वळविण्याची योजना जाहीर झाली. दिवसास ५० लिटरांहून अधिक तेल तळणासाठीं वापरणाऱ्यांनीं १ मार्च २०१९ पासून त्याची नोंद ठेवावी, असेंहि ठरलें. नियम चांगलेच आहेत. पण स्थानकाबाहेरची गाडी दिवसास ५० लिटर तेल कोठून वापरणार? जी कढई सर्वांत जुन्या तेलाची, तीच नोंदवहीच्या बाहेर राहते.

आमच्या मतें हा प्रश्न अखेरीस भावाचा आहे. काळ्या तेलाचीं गिऱ्हाइकें दोन: एक गाडीवाला, दुसरा इंधनाचा कारखानदार. गाडीवाला तें ताज्या तेलाच्या जागीं वापरतो, म्हणून त्यास तें थोडें महाग पडलें तरी परवडतें. कारखानदारास मात्र अम्लाचा, सोड्याचा व धुण्याच्या पाण्याचा खर्च वजा जातां जें उरेल, तेवढाच भाव देतां येतो. घन उत्प्रेरकाचें खरें महत्त्व येथें आहे. तो हा खर्च कमी करतो, ग्लिसरीन स्वच्छ देतो, आणि कारखानदाराच्या हातीं चार पैसे अधिक ठेवतो. ते पैसे फरसाणवाल्यापर्यंत पोंचले, तरच डबा गाडीवाल्याकडे न जातां कारखान्याकडे जाईल.

पण तेवढ्यानें भागणार नाहीं. दाबाचें भांडें गल्लोगल्लीं बसवितां येत नाहीं. तेल मात्र गल्लोगल्लींच सांडलेलें आहे. तें रोज उचलणारा माणूस हवा, आणि ज्या गाडीवाल्याचें स्वस्त तेल आपण काढून घेणार, त्यास ताजें तेल परवडेल अशी तजवीजहि हवी. नाहींतर त्याच्या पोटावर पाय देऊन आपण हवा शुद्ध केली, असें होईल. शिवडीच्या निकेलपासून पुण्याच्या सायनाइडपर्यंत शास्त्रानें आपला वांटा उचलला आहे. उरलेला वांटा आपला. पुढच्या खेपेस वडा हातीं घेतांना कढईंत एकवार डोकावून पाहावें, एवढीच वाचकांस आमची विनंति आहे.