भाचीचा गृहपाठ आणि खानदेशचं नाव

जामनेरला बहिणीकडे गेलो होतो. सहावीतली भाची मोबाईल घेऊन बसली होती. गृहपाठ होता : ‘खानदेश हे नाव कसे पडले? दहा ओळी लिहा.’ अर्ध्या तासात तिला तीन उत्तरं सापडली होती. एका ठिकाणी खानांचा देश, दुसरीकडे कान्हदेश म्हणजे कृष्णाचा प्रदेश. तिसरा एक व्हिडिओ होता. त्यातला माणूस ओरडून सांगत होता, खान बाहेरचे, त्यांचं नाव पुसून टाका.

“मामू, इसमें खरा कौनसा?” तिने विचारलं. मग जरा थांबून म्हणाली, “वर्गात वाचून दाखवायचंय. खान लिहिलं तर मुलं हसतील का?”

दुसऱ्या प्रश्नाने मी हललो. उत्तर शोधता शोधता आपल्या मुलांना आणखी काय काय सापडतं, हे आपण बघतच नाही.

पूर्वी असं नव्हतं, कारण माहिती देणारा माणूस ओळखीचा असे. आपल्याच जिल्ह्यात, अमळनेरच्या शाळेत साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून दैनिक काढत. १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केलं. पुढच्या काळात जळगावहून प्रा. अकबर रहमानी उर्दूत ‘आमोजगार’ हे शैक्षणिक मासिक काढत. आमोजगार म्हणजे शिकवणारा. लिहिलेलं चुकलं तर कोणाला विचारायचं, हे वाचणाऱ्याला ठाऊक असे. त्या व्हिडिओवर मात्र बोलणाऱ्याचं नावसुद्धा नव्हतं.

मी भाचीला म्हटलं, आधी ज्याच्यावर नाव आहे ते वाचू. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली वाईत तयार झालेला मराठी विश्वकोश आता मोबाईलवर फुकट वाचता येतो. ब्रिटिश काळातला खानदेश जिल्ह्याचा गॅझेटियर १८८० सालचा, तोही मिळतो. त्याची इंग्रजी अवघड, म्हणून तो मी वाचला आणि तिला सांगितला. शिवाय बालभारतीची पुस्तकं. ही संस्था १९६७ पासून पुस्तकं काढते. मराठी, उर्दू आणि इतर माध्यमांची पुस्तकं तिच्या संकेतस्थळावर आहेत, ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही आहेत. जिच्या आईचं शिक्षण उर्दूत झालं, त्या मुलीने तोच धडा उर्दूतही उघडावा. म्हणजे आईलाही शेजारी बसून मदत करता येते.

वाचता वाचता गोष्ट उलगडत गेली. १३८२ च्या सुमारास मलिक राजा फारुकीने इथे स्वतंत्र राज्य उभं केलं. त्याची राजधानी थाळनेर, आजच्या शिरपूर तालुक्यात, तापीकाठी. त्याचा मुलगा नासिर खान. त्याने वसवलेल्या बुऱ्हाणपूरला नाव दिलं ते बुऱ्हानुद्दीन गरीब या सूफी संताचं. खान या पदवीवरून खानदेश, असं एक मत. नाव त्याहून जुनं, कान्हदेश किंवा तसंच काही, आणि ते पुढे बदललं, असं दुसरं मत. अभ्यासकांचं एकमत नाही.

पुढचा भाग भाचीला फार आवडला. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि शहजादा दानियालच्या नावावरून या सुभ्याला ‘दानदेश’ म्हटलं. बादशहाचा हुकूम होता, तरी लोकांच्या तोंडी ते नाव बसलं नाही. १९०६ मध्ये इंग्रजांनी खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. पुढे त्यांचे जळगाव आणि धुळे झाले. आज एकाही जिल्ह्याच्या नावात खानदेश नाही. पण खानदेशी भरीत म्हटलं की कोणीही ओळखतं, आणि ते खाताना कान्ह की खान असं कोणी विचारत नाही.

मुलांना मोबाईल देऊ नका, असं मी म्हणणार नाही. शहरात शिकवणी लावणाऱ्यांना ते सांगणं सोपं असतं. आमच्या मोहल्ल्यात कित्येक घरांत मदतीला तोच एक असतो. पण पान उघडलं की मुलाला तीन गोष्टी विचारायला शिकवा : हे कोणी लिहिलं, कधी लिहिलं, आणि त्याला हे कुठून कळलं? व्हिडिओवाल्याकडे तिन्हींचं उत्तर नव्हतं. १८८० चा गॅझेटियरही डोळे झाकून मानायचा नाही. तो राज्यकर्त्यांनी लिहवून घेतला होता. पण निदान त्याच्याशी वाद घालता येतो.

भाचीने दोन्ही मतं लिहिली, फारुकी लिहिले, दानदेश लिहिला. ‘अभ्यासकांचे एकमत नाही’ हे वाक्य तिने स्वतःहून घातलं. हसण्याबद्दल पुन्हा काही विचारलं नाही. वही माझ्यापुढे सरकवत म्हणाली, “मामू, दहाच्या तेरा ओळी झाल्या. चालतील ना?”