सुई, बाटली आणि एक चिमटा

भातलावणीच्या दिवसांत भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतून एक बोलणे हमखास कानावर येते. चिखलात उभ्या असलेल्या गड्याच्या पायात काटा नाहीतर पत्र्याचा तुकडा घुसतो, आणि घरातले वडीलधारे म्हणतात, "आधी धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ये, मग जेवायला बस." सल्ला अगदी योग्य आहे. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात, हे आता हिरडस मावळातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण वाचकहो, आज तुम्हांला जी हकीकत सांगायची आहे ती नेमकी उलट्या दिशेची आहे. तिच्यात धनुर्वात इंजेक्शनातूनच माणसांच्या अंगात गेला.

तिचा आरंभ आपल्याच मुलखात होतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग दिसला आणि बघता बघता पुण्याला पोचला. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. त्याच वर्षी २२ जूनच्या रात्री प्लेग-अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली, ती कथा तर तुम्हांला पाठच असेल. आम्ही इतिहास शिकवणारी माणसे वर्गात ती रंगवून सांगतो आणि तिच्या शेजारीच घडलेली दुसरी कथा सांगायची राहून जाते.

वाल्डेमार हाफकिन हे ओडेसाचे ज्यू शास्त्रज्ञ ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईला आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना जागा मिळाली, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या संसारावर त्यांनी काही महिन्यांत प्लेगची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. दुसऱ्यांना जेवढी द्यायची होती तिच्या तिपटीहून अधिक! मग भायखळ्याच्या तुरुंगात आपखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना टोचली. लोक बिचकत होते. तेव्हा आगाखानांनी आपल्या माणसांदेखत स्वतः लस घेतली आणि त्यांच्या अनुयायांची भीती मोडली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये मोठी प्रयोगशाळा उघडली, आणि तिथून लसीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या.

अशाच काही बाटल्या पंजाबात मलकवाल नावाच्या खेड्यात पोचल्या. हे गाव आज पाकिस्तानात आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तिथे १०७ जणांना लस टोचली गेली. आठवडाभराने त्यांतल्या १९ जणांचे जबडे आवळले, अंगे धनुष्यासारखी वाकली. एकोणीसच्या एकोणीस दगावले. पाहिले तर या सगळ्यांना एकाच बाटलीतून लस दिलेली. बाकीच्या बाटल्यांतून टोचून घेतलेल्यांपैकी कोणालाही धनुर्वात झाला नाही.

सरकारने चौकशी समिती नेमली. समितीने ठरवले की, बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळलाच, तिच्यात घाण शिरली असावी. हाफकिन यांनी लस करण्याची रीत थोडी बदलली होती. पूर्वी तीत कार्बॉलिक आम्ल घालीत, ते आता घालीत नव्हते. तेवढे निमित्त पुरले. त्यांना कामावरून दूर केले गेले आणि ते १९०४ मध्ये हिंदुस्थान सोडून गेले.

आता पुरावा काय होता तो बघा, कारण माझ्या मते या प्रकरणाचा खरा धडा तिथे आहे. मलकवालला त्या बाटलीचे बूच काढताना साहाय्यकाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला. दुसरी गोष्ट वासाची. धनुर्वाताचे जंतू बाटलीत वाढले की भयंकर दुर्गंधी सुटते. परळहून निघाल्यापासून ते त्या बाटलीत वाढत असते, तर ती उघडणाऱ्याने नाक धरले असते. पण उघडली तेव्हा वास आल्याचे कोणी सांगितले नाही. म्हणजे घाण ताजी होती, तिथलीच होती. मलेरियाचा उलगडा करणारे रोनाल्ड रॉस आणि इतर नामांकित शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हे मांडले, तेव्हा कुठे हाफकिन दोषमुक्त झाले. ते परत आले, पण कलकत्त्याला. परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ मध्ये.

त्या साहाय्यकाला गुन्हेगार ठरवायला मात्र माझे मन घेत नाही. खेड्यातली धूळ, भोवती जमलेली गर्दी, हातात एकच चिमटा. परळला महिनोन्‌महिने घेतलेली काळजी मलकवालच्या अंगणात, शेवटच्या वीतभर अंतरात, वाया गेली. आजही इंजेक्शन बिघडते ते बहुतेक वेळा याच वीतभर अंतरात.

इथे गुरुजनांसाठी एक गोष्ट. धनुर्वाताच्या जंतूचे बीज टणक कवचाचे असते. साध्या उकळत्या पाण्याला ते सहज दाद देत नाही. त्यातून पाणी सगळीकडे सारख्या उष्णतेवर उकळत नाही. तोरण्याच्या माथ्यावर, १४०३ मीटर उंचीवर, ते सुमारे ९५ अंशांवरच उकळू लागते. म्हणून वाफ कोंडून, दाबाखाली उष्णता १२१ अंशांपर्यंत चढवावी लागते आणि ती पंधरा-वीस मिनिटे टिकवावी लागते. स्वयंपाकघरातल्या कुकरचे आणि इस्पितळातल्या यंत्राचे तत्त्व एकच आहे. वर्गात कुकर ठेवून हे छान समजावता येईल.

माझ्या लहानपणी दवाखान्यात स्टोव्हवर चपटी पेटी खदखदत असे. तिच्यात काचेची सिरिंज आणि दोन-तीन सुया. गर्दी वाढली की उकळण्याचा वेळ कमी होई, हे कोणीही ओळखील. असे किती महागात पडते, ते इजिप्तने भोगले. कालव्याच्या पाण्यातून होणाऱ्या बिलहार्झिया या रोगावर तिथल्या सरकारने १९५० नंतर सुमारे तीस वर्षे खेड्यापाड्यांतून इंजेक्शने दिली. हेतू चांगला, औषधही त्या काळचे मान्य. पण काचेच्या सिरिंजा पुरेशा उकळल्या जात नव्हत्या, आणि त्यांतून हिपॅटायटिस सी हा यकृताचा रोग लाखो शेतकऱ्यांत पसरला. आपल्या शेजारी गुजरातेत, मोडासा भागात, २००९ मध्ये वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्याने हिपॅटायटिस बी पसरला आणि अनेकांचे प्राण गेले.

"सुई तर नवी लावली होती की!" असे पुष्कळजण म्हणतात. पण सुई काढताना रक्ताचा अंश नळीत ओढला जातो, डोळ्यांना न दिसण्याइतका. सुई बदलली तरी नळी तीच, आणि रोगाला तेवढे पुरते. औषधाच्या बाटलीत वापरलेली सुई बुडवली की सगळी बाटलीच नासते. पुढचा प्रत्येक रोगी त्याच बाटलीचा. म्हणून एका माणसाला एक सुई आणि एक सिरिंज, आणि तीही एकदाच. आपल्या सरकारी लसीकरणात २००५ पासून अशा सिरिंजा आल्या की, दट्ट्या एकदा तळाशी गेला की अडकतो, पुन्हा मागे ओढता येत नाही. माणसाने विसरले तरी सिरिंज विसरत नाही.

तेव्हा दवाखान्यात पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. यात डॉक्टरांचा अपमान नाही; चांगला डॉक्टर न सांगताच तसे करतो. आणि दुसरी विनंती कानंद खोऱ्यापासून वेळवंड खोऱ्यापर्यंत सगळ्यांनाच. साध्या सर्दी-तापाला "सुई द्याच" म्हणून हट्ट धरू नका. सुई न देणारा डॉक्टर तो डॉक्टरच नव्हे, हा आपला समज फार जुना आहे, आणि त्यापायी गरज नसलेल्या किती सुया दरवर्षी दंडांत घुसत असतील! गोळीने भागते तिथे गोळीच घ्यावी.

राहिला वापरून झालेल्या सुईचा प्रश्न. टोपण पुन्हा घालायला गेले की बोटाला टोचते; म्हणून ती तशीच, न भोसकणाऱ्या जाड डब्यात जायला हवी, उकिरड्यावर नव्हे. रंगपंचमीला पोरांच्या हातात पिचकारी म्हणून जुनी सिरिंज दिसली, तर गुरुजी, ती काढून घ्या आणि कुठे सापडली ते विचारा.